माझ्यामागनं कोण म्हणतंय?

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. लग्नाआधी कुणाच्या मागं सायकल पळवत होतो ते, बारावीला दोनदा आपटलो ते, दाताच्या डॉक्टरला घाबरून दुखणं वर्षभर कसं अंगावर काढलं ते — सगळं. हे मात्र तिला ठाऊक नाही. आईला नव्हतं. ज्यांच्याबरोबर उभा जन्म मिसळ खाल्ली त्या मित्रांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं बघून हे बोलायची माझी छाती नाही, हे खरं कारण. बघा, सुरुवातच अशी भित्री.

तर — कुठून धरू?

मशीनपासून धरतो. मशीनविषयी बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

कॅसेट मरायला टेकली होती आणि जो तो सीडी काढायला निघाला होता, त्या दिवसांतली गोष्ट. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझी खोली होती. तिला मी स्टुडिओ म्हणायचो. एक कॉम्प्युटर, एक बरा माइक, दोन स्पीकर आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, झाला स्टुडिओ. गिरणी दुपारची बंद असायची, तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकायचं. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग आलं की गाणारे, वाजवणारे, मी, सगळे गिरणीच्या पायरीवर घाम पुसत बसायचो. आणि कामं तरी कसली? लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी, म्हशीच्या खाद्याची जाहिरात. त्या जाहिरातीत म्हैस मीच ओरडलोय. हसू नका, भाव होता त्या म्हशीला.

पण माझं नाव झालं ते प्लग-इनमुळं. प्लग-इन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी सॉफ्टवेअरं. एक आवाज घुमवतं, एक खरखर काढतं, एक पातळ आवाजाला अंग देतं. ती बसवताना भल्याभल्यांच्या नाकीनऊ यायचे. माणूस फाईल टाकणार एका फोल्डरमध्ये, सॉफ्टवेअर शोधणार भलत्याच. कधी नाव दिसायचं, पण उघडायला गेलं की कॉम्प्युटर गपगार. मग कागलहून, इचलकरंजीहून फोन यायचे, “संजूभाऊ, प्लग-इन दिसंना झालंय, या की.” मी जायचो. गेल्या गेल्या पहिला प्रश्न ठरलेला — काल चालत होतं न्हवं? मग नवीन काय घातलंस? ते आधी काढ. दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचा तो नंतर. हा नियम मी अख्ख्या जिल्ह्याला शिकवला. लोकांना शिकवण्यात मोठा शहाणा!

आता आत्तीकडं यायला पाहिजे. टाळतोय, कळतंय मला.

आत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. उचगावात दिलेली. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो, आमच्यात तसंच म्हणतात. मामा वर्षभर फाउंड्रीत आणि जयंतीच्या दिवसांत ढोलकीवर. ते भीमगीतं बांधायचे, आत्ती म्हणायची. विहारापुढं, चौकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून, एक हात कानावर ठेवून. आत्तीचा आवाज गोड नव्हता. चांगला रुंद, खणखणीत होता. पण ताल! अहो, मामा मुद्दाम मध्येच ढोलकी थांबवायचे. आत्ती एकटीच पुढं म्हणत जायची, दोन ओळी, चार ओळी. मामा खुशाल विडी पेटवायचे. आणि मग त्यांची थाप परत पडायची ती बरोबर तिच्या शब्दावर. माणसं आरोळ्या ठोकायची. मी मामांच्या गुडघ्याला टेकून ताल धरायला शिकलो. ज्या विद्येवर पुढं माझी चूल पेटली ती त्या घरची.

स्टुडिओ काढला तेव्हा भिंतींना लावायला फोम परवडणारा नव्हता. आत्तीनं वाकळा शिवून दिल्या, जुन्या लुगड्यांच्या, जाडजूड. “भित्तीला वाकळ पांघरतोस? थंडी वाजतीया व्हय रं तिला?” म्हणून पोट धरून हसली. पण शिवल्या. चार भिंती झाकतील एवढ्या.

मग मामा गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि रिक्षा यायच्या आत गेले. आत्तीनं त्यानंतर गाणं सोडाच, नीट बोलणंसुद्धा टाकलं. पुढची जयंती जवळ आली तसा बाबूदा माझ्याकडं आला. बाबूदा म्हणजे उचगावच्या जयंती मंडळाचा कर्ता माणूस. आवाज मोठा, मन साफ. तो म्हणाला, मामांची गाणी कुठं लिवल्याली न्हाईत, म्हातारीच्या गळ्यातच हायत, तिच्या आवाजात सीडी काढून ठेवूया. आत्ती तयार होईना. ढोलकी कोण वाजवणार, एवढंच म्हणायची. मी म्हणालो, ढोलकी मी कॉम्प्युटरवर बसवतो, मामांच्या थापेसारखी. तेव्हा कुठं तिनं मान डोलावली. मग म्हणाली, “त्यांची गाणी ऱ्हायली पायजेत बाबा. बाकी काय न्हाय.”

एवढंच मागितलं होतं तिनं. लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात माझ्या हाताला एक नवीन प्लग-इन लागलं होतं. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसानं सीडीवर टाकून दिलेलं. विकत घेतलेलं नव्हे, हे सांगायला नको. मुंबईच्या गाण्यांना जी चकाकी असते ती यानं येते म्हणे. ते काही केल्या बसेना. दिसायचं नाही, दिसलं तर उघडायचं नाही, उघडलं तर कॉम्प्युटर बंद. मी इरेला पेटलो. काढलं, घातलं, परत काढलं, परत घातलं. शेवटी बसलं एकदाचं, आणि काय सांगू, ढोलकी अशी वाजायला लागली की मीच माझी पाठ थोपटली. ते मी सगळ्यात शेवटच्या टोकाला जोडलं, जिथून सगळा आवाज बाहेर पडतो तिथं. आणि तसंच ठेवलं.

आता त्या प्लग-इनची एक खोड होती. असली जड प्लग-इन आवाज आधी थोडा साठवून घेतात आणि मग सोडतात. म्हणजे कॉम्प्युटरमधून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट जराशी उशिरा पडते. चुटकी वाजवायला लागतो तेवढाही वेळ नाही. नुसतं ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण हेडफोन घालून गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून यायला लागतो. आणि त्या वेळचं माझं सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला आवाजही तेवढाच मागं ठेवायचं. हे मला माहीत नव्हतं का? — माहीत होतं. दुसऱ्यांच्या स्टुडिओत मी हीच खोड दोनदा काढली होती.

आत्ती आली. पांढरं पातळ नेसलेली, केस चापून बसवलेले. बाबूदा माझ्या शेजारी खुर्चीत. आत्ती माइकपुढं उभी राहिली, भिंतीवरच्या वाकळांवरून हात फिरवला आणि हेडफोन घातले. पहिली ओळ — ‘पाटी दिली हाती माझ्या, अक्षर आलं दारी गं’ — मामांनी तिच्यासाठीच बांधलेलं. दोन शब्द म्हटले, आणि तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवून मागं टाकला आणि त्या कानावर आपला हात ठेवला. सवयीनं. तसंच अख्खं गाणं म्हटलं.

मी लावून ऐकलं. ढोलकी पुढं, आत्ती मागं. जराशी, पण मागंच. पडद्यावर दिसतच होतं की, थापेची रेघ इथं आणि तिचा शब्द तिथं.

मी काय करायला पाहिजे होतं? माझाच नियम — नवीन काय घातलंस? ते आधी काढ. आठवला नाही हो. खरंच नाही आठवला. माझ्या डोक्यात मशीन आलंच नाही. म्हातारी आली.

मी म्हणालो, आत्ती, दोन्ही कानांवर ठेव, असं अर्धवट ऐकून कसं जमेल? तिनं ऐकलं. दोन्ही कान झाकले. आता तिला तिचा खरा आवाज ऐकूच येईना, नुसता मशीनमधून येणारा, उशिराचा. ती थांबायची, वाट बघायची, परत धरायची, परत सुटायचं. कधी नव्हे ते तिचे शब्द अडखळले. तिनं हेडफोन हातानं दाबून धरले आणि म्हणाली, “संज्या, माझ्यामागनं कोन म्हणतंय रं? कुनीतरी म्हणतंय की.”

मी हसलो. बाबूदाकडं बघून हसलो. म्हणालो, “आत्ती, भूत न्हाय हाय हितं. तूच हायस.”

परत घेतलं. परत. दर खेपेला वाईट. बाबूदा खुर्चीत चुळबुळायला लागला. आणि मला लाज वाटायला लागली. माझी नव्हे, तिची. हा माणूस गावात जाऊन सांगेल की संजूच्या स्टुडिओत साधी ढोलकी जुळंना. म्हणून मी बोललो. मोठ्यानं, बाबूदाला ऐकू जाईल असं बोललो, “आत्ती, मामा गेल्यापास्नं तुझा ताल सुटलाय बघ.”

तिनं हेडफोन काढले. वायरीचा गुंता होऊ नये म्हणून ती नीट गुंडाळली, स्टुलावर ठेवली. तिचं तोंड — नको, तोंडाचं नाही सांगता येत मला. म्हणाली, “असंल बाबा. ढोलकीच गेली, मग ताल कशावर ऱ्हाईल?” जिना उतरताना कठड्याला धरून थांबली, “जातो मी” म्हणाली आणि गेली. मी खाली सोडायलासुद्धा गेलो नाही. गिरणी परत सुरू व्हायला अजून वेळ होता आणि मला जाहिरातीचं काम उरकायचं होतं.

इथवरचं एक वेळ माफ होईल असं तुम्ही म्हणाल. चूक झाली, माणूस आहे. थांबा, इथवरचं सांगायला मी आलेलो नाही.

बाबूदानं तोड काढली. कागलची एक मुलगी होती, गाण्याच्या परीक्षा दिलेली, तिच्याकडून म्हणून घ्यायचं. तिला गाणी शिकवली कुणी? आत्तीनंच. मामांची एकूण एक गाणी, घराच्या पुढच्या सोप्यावर तिला पुढ्यात बसवून, मांडीवर ताल देत. एका अक्षरानं कुरकुरली नाही. मग ती मुलगी माझ्याकडं आली, हेडफोन घातले, दोन ओळी म्हणाली आणि थांबली. “दादा, माझा आवाज मला उशिरा येतोय.”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, थांब हं, मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे.

लगेच म्हणालो. एका श्वासात. ती शिकलेली, नीटनेटकी, परक्या घरची पोर. तिच्यावर संशय घ्यायचं मला सुचलंसुद्धा नाही. आणि आत्तीच्या तोंडी तीच गोष्ट आली तेव्हा मला भूत सुचलं. का? ती आमच्या घरची होती म्हणून? म्हातारी होती, अंगठ्यावरून नुकतीच सहीवर आलेली होती म्हणून? मी कितीदा विचारलंय स्वतःला. उत्तर येतं ते फार घाणेरडं आहे, आणि ते तुम्हालाही आलं असेल.

नवीन प्लग-इन काढलं. गडबड संपली. मुलीनं झकास म्हटलं, सगळी गाणी भराभर झाली.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. आत्तीचं पहिलं गाणं उघडलं, एका कानावर हात ठेवून म्हटलेलं. तिचा अख्खा आवाज माऊसनं धरला आणि केसभर डावीकडं, म्हणजे तेवढाच आधी, सरकवला. बस्स, तेवढंच. आणि लावलं.

काय सांगू तुम्हाला. प्रत्येक शब्द थापेवर. एकही, एकसुद्धा इकडंतिकडं नव्हता. मी मध्येच ढोलकी बंद केली, मामा करायचे तशी, आणि चार ओळींनी परत चालू केली. थाप बरोबर तिच्या शब्दावर पडली. मी लहान पोरासारखा रडलो. त्या वाकळांमुळं माझं रडणं खोलीबाहेर गेलं नाही.

मग डोळे पुसले, आणि ते गाणं पुसलं.

होय. पुसलं. बाकीची बिघडलेलीही पुसली, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. बाबूदा दुसऱ्या दिवशी सीडी न्यायला येणार होता. त्यानं सहज म्हटलं असतं, म्हातारीचं लाव की बघू जरा, तर? ते गाणं शिल्लक राहिलं असतं तर कधी ना कधी कुणीतरी ऐकलं असतं, आणि विचारलं असतं की ही तर तालात आहे, मग चुकलं कोण? कागलपासून इचलकरंजीपर्यंत ज्याला दुरुस्तीला बोलावतात त्याच्याच घरात ही चूक? एवढ्यासाठी. दुसरं कारण नव्हतं, मी आता शोधून काढणारही नाही.

जयंतीला सीडी वाजली. लोक खूश. आत्ती बायकांत मागं बसली होती. कुणीतरी माइक घेऊन तिच्यापाशी गेलं, दरवर्षीचा रिवाजच होता तो. तिनं दोन्ही हातांनी माइक परतवला. “न्हाय गं बायांनो. माझा ताल गेलाय. आमच्या संज्यानं मशिनीत बघितलंय. मशीन कशाला खोटं बोलंल?” मी साउंडच्या टेबलापाशी होतो. सगळं ऐकलं. वायर तपासतोय असं दाखवून खाली वाकलो.

त्यानंतर ती कधीच गायली नाही. स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणायची नाही, असं आई म्हणायची.

एकदाच, फक्त एकदाच तिनं मला विचारलं. मी काही निमित्तानं उचगावला गेलो होतो. तिनं चहा ठेवला होता. चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, “संज्या, खरंच सुटलाता व्हय रं माझा ताल? मला आतून तर बरोबर लागत हुतं.”

बघा — दार उघडून दिलं होतं तिनं. मला नुसता एक शब्द म्हणायचा होता. न्हाय. न्हाय आत्ती, सुटला नव्हता. ती खवळली असती, चार शिव्या दिल्या असत्या, कानफटात लगावली असती, आणि संध्याकाळी गायली असती. एवढं सोपं होतं.

मी म्हणालो, “वय झालं आत्ती. असं हुतंय.”

तिनं मान हलवली आणि चहा गाळला. मी तो प्यालो.

आत्ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन पंगती उठल्यावर सुनंदा माझ्यापाशी येऊन बसली. सुनंदा म्हणजे आत्तीची एकुलती एक लेक, निपाणीला दिलेली. मी तिच्याहून थोरला, मला दादा म्हणते. म्हणाली, “दादा, आईचा आवाज असंल की तुझ्याकडं. तू एकदा नेलतास न्हवं तिला. बाकी कुठंच न्हाय बघ. जयंतीचं कुणी भरूनच घेतलं न्हाय कधी.” मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. तिला वाटलं मी संकोचतोय. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “बेताल असलं तरी चालंल रं मला. आई हाय ती.”

मी म्हणालो, हार्ड डिस्क उडाली गं.

“असंल,” ती म्हणाली. आईसारखंच.

हार्ड डिस्क उडालेली नाही. माझ्या कपाटात आहे, अजून चालते. परवाच लावून बघितली. म्हशीच्या खाद्याची जाहिरात तिच्यावर जशीच्या तशी आहे. म्हैससुद्धा नीट ओरडते. आत्तीचं काही नाही. ती पहिल्या ओळीपासून तालात होती, आणि हे मला ती जिवंत असताना ठाऊक होतं.